मोडचं बटण की शॉकअपचे क्लिक?

छोट्या गाडीच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये इको-सिटी-स्पोर्टचं बटण मिळतं. दुसरा मार्ग म्हणजे खालचं व्हेरिएंट घ्यायचं आणि वाचलेल्या पैशांत ॲडजस्टेबल शॉकअप बसवायचे, म्हणजे नॉब फिरवून सैल-कडक करता येणारे; नॉबचा एकेक टप्पा म्हणजे एक क्लिक. ठाण्याहून लोअर परळला गाडी नेणाऱ्याने यातलं काय निवडावं? मी निवडून मोकळा झालोय, तेव्हा अगदी तटस्थ असल्याचा आव आणत नाही.

टियागो, नेक्सॉनसारख्या गाड्यांमुळे हे बटण आपल्याकडे ओळखीचं झालं. ॲक्सिलरेटर तेवढाच दाबला तरी इंजिनाने किती जोर द्यायचा, ऑटोमॅटिक असेल तर गिअर कधी बदलायचा, काही गाड्यांत स्टिअरिंग किती जड ठेवायचं, एवढं ते ठरवतं. सस्पेन्शनला हात लावत नाही. बटणावर शॉकअपही बदलणारी छोटी गाडी नाही असं नाही; मिनी कूपरमध्ये ती सोय ऐच्छिक म्हणून मिळायची. पण मिनी आकाराने छोटी, किमतीने नव्हे.

एएमटीवाल्यांना, म्हणजे क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीवाल्यांना, मात्र बटण खरंच उपयोगी पडतं. बोर घाट चढताना स्पोर्टमध्ये गाडी खालचा गिअर धरून ठेवते, ट्रकला ओलांडताना ऐन वेळी गिअर बदलायला थांबत नाही. सायनच्या गर्दीत इको बरा, उगाच धक्के बसत नाहीत. मॅन्युअल गाडीत हे सगळं आपला डावा हात आणि उजवा पाय करतातच.

माझा निर्णय झाला तो पुलांवरच्या जोडांमुळे. सायनहून लालबागकडे येताना जोड आला की आधी पुढची चाकं आपटतात आणि पाठोपाठ मागची. छोट्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी, त्यामुळे पहिला हेलकावा बसायच्या आत दुसरा येतो आणि ठरावीक वेगाला गाडी मान डोलवू लागते. पुढे बसणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही. मागे आई बसलेली असते, तिच्या कमरेला प्रत्येक जोड कळतो. इको लावा, स्पोर्ट लावा, तिच्यासाठी सगळं सारखंच. आधी टायरमधली हवा तपासली, ती कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जास्त नव्हती. मग शॉकअपकडे वळलो.

एकाच नॉबच्या शॉकअपमध्ये क्लिक फिरवल्यावर मुख्यतः दबलेली स्प्रिंग परत किती वेगाने उघडायची ते बदलतं. फार सैल ठेवलं तर गाडी हेलकावत राहते. फार कडक केलं तर चाक पूर्ण खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, शॉकअप दबलेलाच राहतो आणि धक्का थेट अंगावर येतो. ‘कडक म्हणजे चांगलं’ हे पावसाळ्यातल्या मुंबईत तरी चालत नाही. मी मागचे क्लिक बरेच सैल ठेवलेत, पुढचे त्याहून थोडे कडक. मीटर लावून मोजलेलं नाही. पण आई हल्ली लालबागच्या पुलावर पुढच्या सीटची पाठ धरून बसत नाही.

कटकटी आहेत. माझ्या गाडीत मागचा नॉब डिकीच्या कव्हरमागे आहे, तिथे हात घालायचा तर सगळं सामान बाहेर. वॉरंटीवर गॅरेजवाले कुरकुरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल अंगाशी येऊ शकतात, म्हणून उंची कमी करणाऱ्या किटच्या वाटेला मी गेलो नाही. तसंही सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर पाहता ते शहाणपणाचं नव्हतंच. बटणाला यातलं काही नको. ते दाबलं की झालं. फक्त बऱ्याच गाड्यांत गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की मोड मूळ जागी येतो आणि रोज नव्याने दाबावा लागतो. क्लिक जिथे ठेवला तिथेच राहतो.

एकटे फिरत असाल, गाडी एएमटी असेल आणि दर शनिवारी पुण्याला जात असाल, तर कदाचित वरचं व्हेरिएंटच बरं. मागच्या सीटवर रोज कोणी बसणार असेल तर मी खालचं घेईन. शॉकअप बसवताना मेकॅनिकला नॉब आधी पूर्ण कडक करून तिथून मागे क्लिक मोजायला सांगा आणि आकडा लिहून ठेवा, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी राहील. चाकांची अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या.