डहाबियातून नाईल : इस्ना ते अस्वान

इजिप्तमधील लक्सर ते अस्वान हा नाईलचा प्रवास बहुतेक पर्यटक तीन-चार मजली क्रूझ बोटीने करतात आणि आपल्याकडील सहल कंपन्याही बहुधा त्याच बोटींवर आरक्षण करतात. आम्ही मात्र डहाबिया, म्हणजे दोन शिडांची आणि मोजक्या खोल्यांची पारंपरिक बोट निवडली. तिचा दर मोठ्या बोटीच्या जवळपास दुप्पट होता, तरीही ज्यांना देवळे सवडीने पाहायची आहेत त्यांनी आधी हिचाच विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतांशी उत्तरेचा असतो, त्यामुळे अस्वानकडे जाताना शिडे प्रवाहाविरुद्धही बोट सहज पुढे नेतात. बोटीला स्वतःचे इंजिन नसते; वारा पडला की एक टगबोट तिला लांब दोराने ओढते. माहितीपत्रकातील छायाचित्रांत ही टगबोट अर्थातच कुठे दिसत नाही. पहिल्या दुपारी बराच वेळ आम्ही तिच्याच मागे होतो आणि डिझेलचा वास अधूनमधून वरच्या डेकपर्यंत येत होता. एकदा शिडे भरली, की मात्र काठावरच्या शेतांतील माणसांचे बोलणेही ऐकू येते.

प्रवास लक्सरऐवजी त्याच्या दक्षिणेच्या इस्नाहून सुरू होतो, कारण तेथील बंधाऱ्याच्या लॉकमध्ये, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या कप्प्यात, बोटींची रांग लागते. खरा फरक कळतो तो मोठ्या बोटी सहसा थांबत नाहीत अशा ठिकाणी. अल-काबच्या खडकात कोरलेल्या थडग्यांपैकी पाहेरीच्या थडग्यात नांगरणी, कापणी, द्राक्षांची तोडणी अशी सगळी शेतीची कामे रंगवली आहेत. मेजवानीच्या दृश्यात एक बाई अठरा प्याले मद्य मागते आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची ही मिश्किली वाटाड्याने दाखवली नसती, तर नजरेतून निसटली असती. आत आमच्याखेरीज कोणीही नव्हते.

त्याहून मोलाचा थांबा गबल अल-सिलसिलाचा. येथे नदी दोन टेकड्यांमध्ये अरुंद होते आणि दोन्ही काठांवर वालुकाश्माच्या प्राचीन खाणी आहेत. लक्सर परिसरातील देवळांचा पुष्कळसा दगड येथूनच नदीमार्गे गेला. सरळ कापलेल्या उंच भिंतींवर छिन्नीचे तिरपे घाव ओळीने उमटलेले आहेत आणि त्यांवरून हात फिरवला, की लक्सरच्या कर्नाक देवळाचे खांब कोणी, कसे घडवले असतील याचा अंदाज येऊ लागतो. होरेमहेब राजाचे खडकात कोरलेले देऊळही येथेच, पश्चिम काठावर आहे. आमच्या वाटाड्याने घड्याळाकडे न पाहता शिलालेख समजावून सांगितले.

एदफूला ही चैन नाही. इ.स.पू. 237 ते 57 या काळात बांधलेले होरस या ससाणारूपी देवाचे हे देऊळ इजिप्तमधील सर्वांत सुस्थितीतील देवळांपैकी एक आहे आणि त्याचे प्रवेशद्वार 36 मीटर उंच आहे. पण सकाळी सगळ्या बोटींचे प्रवासी एकाच वेळी आत शिरतात. आम्ही दुपार टळल्यावर गेलो, म्हणून गाभाऱ्यापर्यंत पोहोचता आले. धक्क्यावरून देवळापर्यंत घोडागाडीचा आग्रह होतो, पण अनेक घोड्यांची दशा पाहवत नाही, तेव्हा मोटारच मागावी. मगररूपी देव सोबेक आणि थोरला होरस यांच्यासाठी दोन गाभारे असलेले कोम ओम्बोचे देऊळ दिवे लागणीनंतर पाहिले, ते छान वाटले.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याचा पदार्थ, मसुराचे सूप, टोमॅटोतील भेंडी, ताहिनी (तिळाची चटणी) आणि गरम भाकरी रोज मिळत होती. जैन जेवणाची सोय मात्र आधी कळवल्याशिवाय होणार नाही. खोल्या लहान आहेत, इंटरनेट नावापुरते आहे आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री डेकवर स्वेटर लागतो.

आमच्या आयोजकाने खलाशांची टीप, तसेच 1970 च्या दशकात अगिल्किया बेटावर हलवलेल्या फिलीच्या देवळाकडे नेणाऱ्या मोटारबोटीचे भाडे किमतीत धरलेले नाही, हे अस्वानला पोहोचल्यावर सांगितले. या दोन्ही गोष्टी आणि टगबोट रात्री चालणार का, याचे उत्तर पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्यावे.