बडोद्याहून मुंबई: बोरिवलीला उतरावं की मुंबई सेंट्रलला?

बडोद्याचा माणूस मुंबईला निघाला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "बोरिवलीलाच उतर, पुढे गाडी रखडते." दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या घरांतून हा सल्ला पिढ्यानपिढ्या चालत आलाय आणि त्यात तथ्य होतंही. बोरिवलीपासून मुंबई सेंट्रल अवघं तीस किलोमीटर, पण मेल-एक्स्प्रेसला तेवढ्यासाठी अर्धा-पाऊण तास सहज लागतो, सिग्नल मिळाला नाही तर आणखी. तेवढ्या वेळात फास्ट लोकल दादरला पोचवते, आणि चर्चगेटपर्यंतचं साधं तिकीटही पंधरा रुपयांत येतं.

तेव्हा मुक्काम बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव या पट्ट्यात असेल तर फार विचार नको. बोरिवलीला उतरा, रिक्षा करा. मीटरचं किमान भाडं दीड किलोमीटरला २६ रुपये, आणि आपल्याकडच्यासारखी घासाघीस करावी लागत नाही. मेट्रोवर विसंबून मात्र उतरू नका. नकाशात ती स्टेशनाजवळ वाटते, पण पूर्वेचं राष्ट्रीय उद्यान स्टेशन हायवेवर आहे आणि बोरिवली पश्चिम लिंक रोडला. सामान असेल तर दोन्हीकडे जायला रिक्षाच लागते.

प्रश्न येतो तो दादर, गिरगाव, फोर्टकडे जाणाऱ्यांचा, आणि माझ्या मते तिथे जुना सल्ला आता तितकासा लागू पडत नाही. कारण बोरिवलीचा थांबा. गाडी तिथे दोन-तीन मिनिटं थांबते. एकट्या माणसाला पाठीवर सॅक घेऊन उतरायला तेवढं पुरतं. पण सोबत आई-वडील, दोन बॅगा आणि नातेवाइकांसाठी घेतलेली लिलो चेवड्याची पिशवी असेल, तर भाईंदरच्या खाडीचा पूल लागला की सामान रॅकवरून काढून दाराशी जाऊन उभं राहावं लागतं. पूल ओलांडल्यावर भाईंदर, मीरा रोड, दहिसर आणि लगेच बोरिवली. वंदे भारतची दारं आपोआप बंद होतात, त्यामुळे एक जण खाली आणि एक जण आत अशी फाटाफूट होऊ शकते. उतरल्यावर जिना, पूल, दुसरा प्लॅटफॉर्म आणि मग लोकल. सकाळची वंदे भारत अकराच्या आसपास बोरिवलीला येते, तेव्हा चर्चगेटकडची गर्दी पुरती ओसरलेली नसते. दुपारची गाडी संध्याकाळी पोचते आणि त्या वेळी दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकल बऱ्याच मोकळ्या असतात, हे बोरिवलीच्या बाजूनं मान्य करायला हवं.

मुंबई सेंट्रलला यातलं काहीच नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे संपतात, म्हणून प्लॅटफॉर्मच्या टोकाशी आलं की सरळ बाहेर, एकही जिना नाही. चाकांची बॅग डब्यापासून टॅक्सीपर्यंत ओढत नेता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हा एकच मुद्दा पुरेसा आहे. रिक्षा मात्र इथे मिळत नाही. वांद्रे-सायनच्या दक्षिणेला रिक्षाला बंदी आहे. काळी-पिवळी टॅक्सी ३१ रुपयांपासून, मीटरने. जवळचं भाडं ऐकून काही टॅक्सीवाले मान फिरवतात. अशा वेळी हुज्जत न घालता दहा पावलं पुढे जाऊन दुसरी पाहावी.

पारडं झुकवलं ते मेट्रो ३ ने. ऑक्टोबर २०२५ पासून ही भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आणि तिचं एक स्टेशन मुंबई सेंट्रलला आहे. पाटीवर 'जगन्नाथ शंकर शेट' असं नाव आहे, तेव्हा 'मुंबई सेंट्रल' शोधत फिरू नका. दक्षिणेला ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट; उत्तरेला महालक्ष्मी, वरळी, सिद्धिविनायक, दादर, पुढे बीकेसी आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स. पाहुणा म्हणून मुंबईत जिथे जिथे जायचं असतं त्यातलं बरंचसं या एका ओळीत येतं. गेटवेला जायचं तर हुतात्मा चौकाला उतरून पंधरा-वीस मिनिटं चालावं. तिकीट वर, रस्त्यावर असतानाच काढून ठेवलेलं बरं. खाली मोबाइलचं नेटवर्क दगा देऊ शकतं. आणि पहाटे सहाच्या आत पोचणार असाल तर मेट्रो सुरू झालेली नसते, टॅक्सीच धरावी लागते.

डोंबिवली-कल्याणकडे जाणाऱ्यांना वाटतं, आपल्याला दादरच बरं. एकता नगरहून (केवडियाहून) बडोद्यामार्गे येणारी गाडी दादरला संपते, ती सोयीची वेळ असेल तर जरूर घ्या. फक्त मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म आता ८ ते १४ आहेत, जुने आकडे डोक्यात ठेवून जाऊ नका. पण मला विचाराल तर मुंबई सेंट्रलहून मेट्रोने सीएसएमटी गाठणं जास्त सुखाचं. तिथून कल्याणच्या लोकल सुटतात, त्यामुळे गाडी लागताना उभं राहिलं तर बसायला जागा मिळते. दादरला आधीच भरून आलेल्या डब्यात सामानासकट घुसावं लागतं. संध्याकाळी साडेपाच ते नऊ मात्र दोन्हीकडून त्रासच.

परतीला तर बोरिवली मी सुचवणारच नाही, अगदी मालाडला मुक्कामाला असलेल्यांनासुद्धा जरा विचार करा म्हणेन. मुंबई सेंट्रलला गाडी सुटायच्या आधीच लावलेली असते, सामान रचून, पाण्याची बाटली घेऊन निवांत बसता येतं. बोरिवलीला डबा कुठे येणार याचा अंदाज चुकला की त्याच दोन मिनिटांत प्लॅटफॉर्मवर धावाधाव. त्यातून शहरातून बोरिवलीला संध्याकाळी जायचं म्हणजे विरार लोकलच्या गर्दीतून जायचं.

तरीही बोरिवलीहूनच चढायचं असेल, तर तिकीट काढतानाच तसं काढा. मुंबई सेंट्रलचं तिकीट असेल तर वेळेत, आधीच ऑनलाइन बोर्डिंग पॉइंट बदलून घ्या, नाहीतर टीसी तुम्हाला गैरहजर धरून जागा दुसऱ्याला देऊ शकतो. बदलल्यावर मग मुंबई सेंट्रलहून चढण्याचा हक्क उरत नाही, हेही ध्यानात असू द्या. जाताना अशी भानगड नाही: तिकीट मुंबई सेंट्रलचं काढून बोरिवलीला उतरलात तरी कुणी अडवत नाही, त्यामुळे निर्णय भाईंदरच्या पुलापर्यंत पुढे ढकलता येतो.