फिल्ड टेस्ट करायची असन तं इथं करा, आणि रिपोर्ट हातात आला की आधी जन्मतारीख वाचा

बाबांची डोळ्याची फिल्ड टेस्ट (नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसते ते पाहायची टेस्ट) या दवाखान्यात दोनदा झाली म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो. आमच्या दारव्हा साइडच्या लोकांना या टेस्टबद्दल कोणी धड सांगत नाही आणि रिपोर्टवर काळं (म्हणजे तिथलं दिसत नाही) आलं की माणूस तिथंच खचून जाते. पाचपैकी पाच स्टार, ते काऊन ते सांगतो.

मार्चमध्ये गावात मोतीबिंदूचं शिबिर लागलं होतं, तिथं बाबांचं डोळ्याचं प्रेशर २६ निघालं. २१ च्या वर गेलं तर काचबिंदू पाहून घ्या म्हणाले. मग आम्ही आधी दुसऱ्याच एका दवाखान्यात गेलो (नाव घेत नाही). पहाटे चारला उठून पहिल्या येष्टीनं निघालो, नंबर लागला दुपारी दीडला. तिथल्या कामावरच्या पोराने बाबांना मशीनसमोर बसवलं, हातात बटन दिलं, "लाईट दिसला की दाबा" एवढंच सांगितलं आणि मोबाईल घेऊन बाहेर गेला. दार अर्धं उघडं, व्हरांड्यातला उजेड सरळ आत. रिपोर्ट आला तर दोन्ही डोळ्यांचा वरचा भाग काळाकुट्ट. काचबिंदू लय पुढे गेला, ऑपरेशनची तयारी ठेवा म्हणे. बाबा परत येताना बसमध्ये एक शब्द बोलले नाही, घरी आल्यावर आईले फक्त म्हणाले, "यंदा वावर बटईनं देऊन टाकू."

मी आधी नागपूरला एका कंपनीत क्लिनिकल ट्रायलचे (माणसांवर औषध तपासून पाहतात त्याचे) कागद तपासायच्या कामावर होतो, डोळ्याच्या औषधाची एक ट्रायल पण होती, म्हणून रात्री तो रिपोर्ट नीट वाचला. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात फिक्सेशन लॉस ८/१३, म्हणजे १३ पैकी ८ वेळा नजर हलली. माणसाच्या प्रत्येक डोळ्यात एक नैसर्गिक आंधळा ठिपका असते, मशीन मधूनमधून तिथं लाईट टाकून पाहते, तिथलाही लाईट दिसला म्हणून बटन दाबलं म्हणजे नजर मधल्या बिंदूवरून हललेली आहे. २० टक्क्यांच्या वर गेलं की मशीन स्वतःच खूण करते, इथं तर ६० च्या वर. फॉल्स निगेटिव्ह ३६ टक्के, म्हणजे आधी दिसलेल्या जागी त्याहून प्रखर लाईट दाखवला तरी बटन दाबलं नाही. बाबा बसल्या बसल्या पेंगले होते! आणि जन्मसाल टाकलं होतं १९७५, बाबांचं आहे १९५७. मशीन त्याच वयाच्या निरोगी माणसांशी तुलना करते, म्हणजे बाबांची तुलना अठरा वर्षं लहान माणसांशी झाली, आणि जवळच्या नंबरचा भिंग पण वयावरूनच ठरते तर तोही चुकला असणार. असा कागद आमच्या ट्रायलमध्ये आला असता तर त्याच दिवशी परत पाठवला असता.

मग या दवाखान्यात आलो. टेस्ट घेणाऱ्या ताईंनी सगळ्यात आधी विचारलं, "काकाजी, आधारवरची तारीख खरी आहे का शाळेतली १ जून?" आमच्याकडं अर्ध्या गावाची तारीख १ जून असते, त्यामुळे हा प्रश्न ऐकूनच मला धीर आला. मग स्टूल खालीवर करून मान अवघडणार नाही असं बसवलं, हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. बाबांची पापणी खाली लोंबते, ती बारीक कागदी टेपनं वर उचलून चिकटवली आणि डोळा मिटता येते ना ते पाहून घेतलं. मला म्हणाल्या, "वरचं काळं बऱ्याचदा या पापणीचं असते." भिंग डोळ्याच्या जवळ सरकवला, कारण दूर राहिला तर त्याच्या कडेची सावली काळी येते.

आणि समजावलं कसं ते ऐका. "काकाजी, मधल्या पिवळ्या लाईटवरच नजर ठेवा. बाजूला टुकटुक झालं की दाबा. लय लाईट दिसणारच नाहीत, कोणालेच दिसत नाहीत, मशीन मुद्दाम बारीक करत नेते, घाबरू नका. डोळा मिचकावत राहा. थकले तर बटन दाबूनच धरा, मशीन थांबते." बाबांना तोपर्यंत वाटत होतं का पापणी हलवली तर टेस्ट फेल! एक मिनिट नुसती प्रॅक्टिस घेतली. टेस्ट चालू असताना ताई जागेवरून हलल्या नाहीत, स्क्रीनवर बाबांचा डोळा पाहत होत्या. डाव्या डोळ्याला सुरुवातीलाच लॉस वाढायला लागला तर टेस्ट थांबवली, डोकं तिरपं झालं होतं ते सरळ केलं, आंधळा ठिपका परत शोधायला लावला आणि पहिल्यापासून घेतली.

या वेळेस लॉस १/१४. वरचं काळं गायब. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला एक छोटा डाग मात्र राहिला. डॉक्टर साहेबांनी तेव्हाही पक्कं सांगितलं नाही, महिन्याने परत बोलावलं. माझ्यासारख्याला हेच सगळ्यात आवडलं. अमेरिकेत १९९४ पासून डोळ्याचं प्रेशर वाढलेल्या १६३६ लोकांवर ओएचटीएस नावाची मोठी ट्रायल झाली, २२ सेंटरवरचे सगळे फिल्ड कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात एका ठिकाणी तपासले जायचे. जे फिल्ड विश्वासार्ह होते पण बिघडलेले दिसत होते, त्यातल्या सुमारे ८६ टक्क्यांमधला बिघाड परत घेतल्यावर पक्का झाला नाही! म्हणून १९९७ मध्ये त्यांनी नियम बदलला, लागोपाठ दोन नाही तर तीन फिल्ड बिघडलेले आले तरच मानायचं. एवढ्या शिकलेल्या टेक्निशियन लोकांकडे ही गत, तर पहाटे चारला उठून आलेल्या माझ्या बापाचा पहिला कागद धरून ऑपरेशन कसं ठरवता?

महिन्यानंतरच्या टेस्टमध्ये डाग तिथंच, तेवढाच. म्हणजे काचबिंदू आहे, खोटं नाही, पण सुरुवातीचा. रोज रात्री एक थेंब चालू केला, प्रेशर आता १६ आहे. वावर बाबाच पाहून राहिले, परवा पऱ्हाटीत डवरणीला गेले होते.

कमी एवढीच की मशीन एकच आहे, व्हरांड्यात बसायला दोनच बाकं आहेत आणि पाण्याची सोय नाही, म्हाताऱ्या माणसाला उभं राहायला लागते. फिल्ड टेस्ट फक्त मंगळवार आणि शुक्रवारी होते, तशी पाटी कुठं लावलेली नाही, फोन करून सकाळचा नंबर मागा, पेशंटची झोप झालेली पाहिजे. जुना चष्मा आणि जुने सगळे फिल्डचे कागद सोबत न्या, ताई ते एकाखाली एक लावून पाहतात.