रॉक व्हिडिओचे दृश्यव्याकरण : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

रॉक संगीताच्या व्हिडिओंचे विश्लेषण शिकवणाऱ्या या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे खरे बळ त्याच्या संथपणात आहे. निर्वाना या रॉक बँडच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या 1991 च्या व्हिडिओवर, ज्याचे दिग्दर्शन सॅम्युअल बायर यांनी केले होते, एक संपूर्ण सत्र दिलेले आहे आणि ते अत्यंत समृद्ध आहे. शाळेची व्यायामशाळा, पिवळट धूसर प्रकाश, चिअरलीडरच्या काळ्या पोशाखावरील अराजकतावादाचे चिन्ह आणि शिस्तीत बसलेल्या प्रेक्षकांचे हळूहळू बेभान होणे, या साऱ्यांतून कथानकाचा एकही संवाद नसताना बंडाची गोष्ट कशी उभी राहते, हे प्रशिक्षक दृश्य थांबवून थांबवून दाखवतात.

वादनाचे चित्रण आणि समांतर कथा यांची सरमिसळ, ड्रमच्या ठोक्यावर होणारा कट, गिटारवरील बोटांचे समीपदृश्य हे संकेतही नीट समजावले आहेत. समीपदृश्यामुळे वादन खरे असल्याचा विश्वास निर्माण होतो, हे त्यांचे निरीक्षण मला विशेष मोलाचे वाटले, कारण व्हिडिओत कलाकार बहुधा आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यावर केवळ अभिनय करत असतात.

इतिहासाचा भाग मात्र घाईत उरकला आहे. 1981 मध्ये एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाल्याचा उल्लेख येतो, परंतु त्यापूर्वीच्या, 1975 मधील क्वीन या बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’च्या व्हिडिओला जेमतेम काही क्षण मिळतात. चित्रपट किंवा जाहिरात यांचे संकलन शिकणाऱ्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा.