पुलाचे रुंदीकरण : बी-१ निविदा की संकल्पन-बांधकाम कंत्राट?

जुन्या दुपदरी पुलाला लागून नवा दुपदरी पूल बांधायचा आणि जुन्याची दुरुस्तीही करायची, असे काम हाती आले की संकल्पचित्रे आपण करून घेऊन बी-१ निविदा (सार्वजनिक बांधकाम विभागाची, झालेल्या कामाच्या मोजणीवर पैसे देणारी) काढावी, की संकल्पन (डिझाइन) आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे सोपवावे, हा प्रश्न पडतो. कोकणात मी दोन्ही पद्धतींनी एकेक पूल केला आहे.

दुरुस्तीपुरते बी-१ला तोड नाही. स्लॅबचे काँक्रीट खरवडल्याशिवाय आतली सळई किती गंजली आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मोजणीप्रमाणे पैसे मिळणार असले की कंत्राटदार मोकळेपणाने खरवडतो, संकल्पन-बांधकामाच्या ठोक रकमेत मात्र तोच हात आखडता घेतो.

माझे मत फिरले ते पायांच्या कामात. आमच्याकडे नदीपात्रात दिवाळीनंतर उतरायचे आणि मेअखेर बाहेर यायचे. बी-१च्या कामात तिसऱ्या खांबाखाली चित्रातल्या पातळीवर खडक लागलाच नाही. तो अडीच मीटर खाली लागला, तोही उतरता. कंत्राटदाराने आम्हाला पत्र दिले, आम्ही ते सल्लागाराकडे धाडले, सल्लागाराने नवे बोअर (खडक तपासायला जमिनीत घेतलेली छिद्रे) मागितले, आणि त्यानंतर वाढीव परिमाणांसाठी बी-१ करारातल्या कलम ३८चा प्रस्ताव वर गेला. प्रत्येकाचे पत्र आपापल्या जागी बरोबर होते, पण सुधारित चित्र आले तेव्हा एप्रिल सरत आला होता. जूनच्या पहिल्या पुरात मातीचा बांध वाहून गेला आणि त्या एका खांबापायी पूल वर्षभर रखडला.

दुसऱ्या, संकल्पन-बांधकामाच्या पुलावर जवळपास हीच अडचण आली, तेव्हा कंत्राटदाराचा संकल्पक स्वतः खड्ड्यात उतरला, पहारीने खडक ठोकून पाहिला आणि पंधरवड्याच्या आत बदललेले चित्र तपासणीसाठी आमच्या टेबलावर होते. त्याच हंगामात पाया भरला गेला. दोनच कामांवरून नियम काढता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरी थांबण्याचा खर्च ज्याच्या खिशातून जातो, त्याच्याच हाती चित्र असावे, असे तेव्हापासून वाटते.

मात्र सर्वांत कमी बोलीवर असे काम देणे मला धोक्याचे वाटते, कारण मग बचत थेट संकल्पनातच शोधली जाते. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा महामार्गावरील पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळला, तेव्हा त्याच्या जागी नवा पूल संकल्पन-बांधकाम पद्धतीनेच देण्यात आला. तिथे तांत्रिक गुणांच्या जोरावर सर्वांत महाग बोली निवडली गेली आणि १८ सप्टेंबर २००८ला, मुदतीच्या तीन महिने आधी, पूल खुला झाला. आपल्याकडे इतकी मोकळीक सहसा मिळत नाही. निदान प्रत्येक पायाच्या जागी एक बोअर निविदेपूर्वी विभागाने स्वतः घ्यावा. नाहीतर जमिनीतली सगळी अनिश्चितता बोलीत चढते आणि पुढे व्याप्तीतील बदलावरून वाद झडतात.

रुंदीकरणासाठी माझा कल संकल्पन-बांधकामाकडे आहे. जुन्या पुलाची दुरुस्ती त्याच करारात बाबवार (प्रत्येक बाबीच्या मोजणीप्रमाणे) दराने वेगळी ठेवता आली तर उत्तम, आणि जुन्या-नव्या स्लॅबमधल्या सांध्याची जबाबदारी कोणाची, हे करारात एका स्पष्ट वाक्यात लिहून घ्यावे.