अंजनेरीचा एकदिवसीय ग्रुप ट्रेक: नियोजन चांगलं, गट मोठा

नाशिकच्या एका संस्थेचा हा भाद्रपदातला ट्रेक. पोहे-चहा आणि बसभाडं शुल्कातच आहे. बस सीबीएसवरून (नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक) पहाटे सहाला सुटते, ही वेळ अगदी योग्य. त्र्यंबक रस्त्याने पायथा जेमतेम 20 किमी, त्यामुळे पायऱ्यांवर गर्दी व्हायच्या आत चढाई सुरू होते.

घळीतल्या पायऱ्यांवर माकडं असतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती हिसकावतातच. खाऊ सॅकच्या आत ठेवा, हे बसमध्येच सांगितलं जातं. जैन लेणी मात्र घाईत उरकतात.

खरी मेजवानी पठारावर. अंजनीमातेच्या मंदिराच्या आसपास हिरवंगार गवत, तेरड्याचे गुलाबी पट्टे, आणि नशीब असेल तर या डोंगराचं नाव लावणारं कंदीलपुष्प (सेरोपेजिया अंजनेरिका), कंदिलासारखं फूल येणारं रोप. ते गवतात इतकं बुटकं असतं की पायाखाली सहज जातं. म्हणूनच चाळीस जणांना एकदम पठारावर सोडणं पटत नाही. वीसच्या वर गट नको, आणि सगळ्यांनी मळलेल्या वाटेनेच चालावं. धुकं उतरलं की शेवटचे चार-पाच जण दिसेनासे होतात. मागे एक वाटाड्या हवाच, इथे दोघेही पुढेच होते.

छत्री वाऱ्यात उलटते, पोंचो घ्या. दोन लिटर पाणी पुरतं. उतरताना शेवाळलेल्या पायरीवर टाच आधी टेकवली की पाय सटकतो; पूर्ण तळवा टेकवा, पायरी आडवी उतरा. गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज इथे कामाचे नाहीत.