मांजरांचं जाळीघर आणि बंदिस्त बाग: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय ढिलं पडलं

हा अनुभव एकमेकांना जोडलेल्या दोन गोष्टींचा आहे. पहिली म्हणजे खिडकीला लागून उभं केलेलं लाकडी चौकटीचं जाळीघर, ज्याला हल्ली सगळे कॅटिओ म्हणतात: 3 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, 2.1 मीटर उंच. दुसरी म्हणजे त्याच्या दारातून पुढे असलेली बाग, जिला 1.8 मीटरचं कुंपण आहे. कुंपणाच्या माथ्यावर बहुतेक बाजूंनी आत झुकलेली जाळी आहे आणि एका बाजूला फिरते नळ, म्हणजे पंजा पडला की गोल फिरणाऱ्या रोलरसारख्या आडव्या नळ्या, बसवलेले आहेत. ऊन, सततचा पाऊस, वादळी वारा असं सगळं सोसून झाल्यावर आमचं मत पक्कं झालंय. मांजर जाळीतून निसटत नाही, सांध्यातून निसटतं. उंची किती आणि तार किती जाड यावर लोक फार डोकं लावतात. दार खांबाला टेकतं ती फट, दोन जाळ्या मिळतात तो कोपरा, कुंपण भिंतीला भिडतं ती जागा, हे सगळं मात्र मिस्त्रीवर सोडून देतात. मांजर नेमकं तिथेच पंजा घालून बघतं.

जाळीबद्दल आधी सांगतो. षटकोनी कोंबडी जाळी घेऊ नका. तिची तार बारीक असते, नुसती पिळलेली असते, एक पीळ तुटला की शेजारचे सुटत जातात आणि टोकं नखांत अडकतात. आम्ही 16 गेजची, म्हणजे 1.6 मिलिमीटर तारेची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी) वापरली. भोक 25 मिलिमीटर. खालच्या 60 सेंटिमीटरमध्ये मात्र 12 मिलिमीटर भोकाची जाळी हवीच. मोठे उंदीर सहज आत येत नाहीत हा एक फायदा, पण त्याहून मोठं कारण बाहेरची मांजरं. मोठ्या भोकातून पंजे घालून भांडणं होतात, जखमा होतात. मांजरांमधला एफआयव्ही, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, त्यामुळे चावा घेता येईल एवढी जागाच ठेवू नये. जाळी घेताना गॅल्व्हनायझिंग (तारेवर चढवलेला जस्ताचा थर) वेल्डिंगच्या आधीचं की नंतरचं हे विचारून घ्या. आधीचं असेल तर वेल्डिंगच्या ठिपक्यावरचा जस्ताचा थर जळून गेलेला असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. नंतर गॅल्व्हनाइझ केलेल्या जाळीचे ठिपके आमच्याकडे अजून स्वच्छ आहेत.

आता जोडणी, कारण सगळ्यात जास्त फरक इथे दिसला. जाळी चौकटीला स्टेपल पिनांनी ठोकायची पद्धत सर्रास आहे. पहिले काही आठवडे ती छान दिसते. पुढे लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, आणि पिनांचे गुळगुळीत पाय हळूहळू बाहेर सरकतात. वरून पाहिलं तर पीन जागेवरच असते, बोटाने ओढली की निघते. त्याऐवजी 4 बाय 30 मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि त्यांखाली रुंद वॉशर, दर 15 सेंटिमीटरला एक. वॉशर जाळीच्या भोकापेक्षा मोठा असला पाहिजे, नाहीतर तार त्याच्याखालून निसटते. जाळी चौकटीच्या आतल्या बाजूने लावा. मांजर आतून अंग टाकतं तेव्हा जाळी लाकडावर दाबली जाते, स्क्रूवर ताण येत नाही. कापलेल्या कडांवर 20 मिलिमीटरची लाकडी पट्टी मारली की टोकं झाकतात आणि पकड वाढते. दोन तुकडे जोडायचे असतील तर किमान 5 सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या आणि तारेने शिवून घ्या. प्लास्टिकचे केबल टाय तात्पुरते धरून ठेवायला ठीक आहेत, पण उन्हात ते ठिसूळ होतात आणि एके दिवशी नुसत्या स्पर्शाने तुटतात.

दाराला दोन नाही, तीन बिजागऱ्या लावा. दाराच्या चौकटीतला आधार खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे तिरपा जायला हवा. उलटा बसवला तर दार झोळ खातं, कडी जुळत नाही आणि खालची फट वाढत जाते. ती फट 3 सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. डोकं शिरलं की पिल्लाचं उरलेलं अंगही शिरतं. कडी दोन ठिकाणी हवी, वर आणि खाली, आणि ती आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडता यायला हवी. एकच कडी असली की दाराचा मोकळा कोपरा ढकलून वाकवता येतो.

बाहेर उघडणाऱ्या वाटेवर दुहेरी दार करा. खर्च वाढतो म्हणून बरेच जण हे टाळतात, पण पळून जाण्याचे बहुतेक प्रसंग माणूस दारातून ये-जा करत असतानाच घडतात. दोन दारांमध्ये मीटरभर जागा पुरते: हातात टोपली घेऊन उभं राहून मागचं दार लावता आलं पाहिजे. आतलं दार जाळीघरात उघडणारं असावं, म्हणजे उंबऱ्यावर ताटकळलेलं मांजर मागे सरकतं.

बागेच्या कुंपणाकडे वळू. धडधाकट मांजर जागेवरून दीड ते पावणेदोन मीटर सहज उडी घेतं, आणि वर नखं रुतायला लाकूड मिळालं की उरलेलं अंतर चढून जातं. त्यामुळे नुसती उंची वाढवत नेण्यात अर्थ नाही. आत झुकलेली जाळी वेगळ्या कारणाने काम करते: मांजर कुंपण चढतं, वर पाहतं, तर डोक्यावर छप्पर आणि पंजा टेकायला पक्की कडच नाही. म्हणूनच ही जाळी सैल हवी. ताणून बसवलेली जाळी वजन पेलते आणि तिची शिडी होते. आमच्याकडे 50 सेंटिमीटर लांबीचे लोखंडी हात साधारण 45 अंशांत आत झुकवून दर दीड मीटरला बसवले आहेत. टोकांतून 3 मिलिमीटरची स्टीलची तार ओवून एका बाजूला टर्नबकल, म्हणजे पिळून तार ताणायचा स्क्रू, लावला आहे. तार ताठ, तिच्यावरून लोंबणारी जाळी ढिली. काही महिन्यांत तार थोडी लांबते, तेव्हा टर्नबकलचे दोन-तीन पीळ द्यावे लागतात.

कोपरे वेगळे हाताळा. आतल्या काटकोनात मांजर दोन्ही भिंतींना पाय देऊन वर सरकू शकतं, म्हणून तिथे तिरपा जादा हात घालून जाळी अखंड न्या. बाग जिथे बाहेरच्या बाजूने वळते तिथे उलटं होतं: दोन्ही बाजूंचे हात एकमेकांपासून दूर फाकतात आणि मधे त्रिकोणी पोकळी राहते. तिथे वेगळा तुकडा शिवून घ्या. आणखी एक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत: आत झुकलेली जाळी बाहेरच्या मांजराला आत यायला अडवत नाही. ते येतं आणि अडकतं. रस्त्यावरची मांजरं असतील तर इंग्रजी वाय आकाराचे, दोन्हीकडे झुकलेले हात घ्या.

फिरत्या नळांबद्दल आमचं मत मध्यम आहे. पंजा पडला की नळ फिरतो आणि मांजर खाली येतं, ही कल्पना खरी ठरते, पण अटी फार. नळ बोटाच्या टिचकीने फिरला पाहिजे. पालापाचोळा, कोळ्यांची जाळी, धूळ साचली की तो अडतो. दोन नळांच्या मधला ब्रॅकेट स्थिर असतो, त्यामुळे तिथे मांजराला पाय ठेवायला जागा मिळते. रुंद माथ्याच्या भिंतीवर हा प्रकार वाया जातो, कारण मांजर नळाच्या पलीकडेच उतरतं. पुन्हा करायचं झालं तर सगळीकडे झुकती जाळीच लावू.

कुंपणापासून दोन मीटरच्या आत उडीला आधार देईल असं काही नको: पाण्याची टाकी, लाकडांचा ढीग, बाक, मोठी कुंडी. झाड हलवता येत नाही, म्हणून खोडाला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा. पट्टा दीड मीटरपासून 2.1 मीटरपर्यंत असावा. फार खाली लावला तर मांजर उडी मारून त्याच्या वरची साल पकडतं. पत्रा खिळ्यांनी ठोकू नका, स्प्रिंगने जोडा, म्हणजे खोड वाढलं तरी आवळत नाही. एखादी फांदी खाली लोंबत असेल तर पट्ट्याचा काही उपयोग नाही.

मांजर कुत्र्यासारखं भुयार खणत नाही, पण पावसाच्या धारेने कुंपणाखालची माती वाहून जाते आणि तयार फट मिळते. जाळी खाली 30 सेंटिमीटर आतल्या बाजूला एल आकारात वळवून खुंट्यांनी जमिनीत पक्की केली की हा प्रश्न मिटतो. वर गवत उगवलं की ती दिसतही नाही.

आतल्या फळ्यांसाठी 18 मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय, रुंदी 25 ते 30 सेंटिमीटर, उभं अंतर 40 सेंटिमीटरच्या आसपास. दोन मांजरं असतील तर वर जायला आणि उतरायला दोन स्वतंत्र वाटा ठेवा, नाहीतर एक मांजर वाट अडवून बसतं आणि दुसरं आत यायचंच बंद करतं. छपराचा निम्मा भागच पॉलिकार्बोनेटने झाका आणि त्याखाली वारा वाहता ठेवा. तोंड उघडून धापा टाकणारं मांजर दिसलं तर ते उष्णतेने त्रासलेलं असू शकतं, लगेच गार जागी न्या आणि डॉक्टरांना फोन करा.

बागेतून लिली पूर्ण काढा. तिच्या परागकणांनी आणि फुलदाणीतल्या पाण्यानेही मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कण्हेर आणि सायकस तितकेच घातक. मनी प्लांट आणि डिफेनबॅकियाने तोंडाची आग होते. गवत चघळायला गहू किंवा ओट पेरून द्या. मेटाल्डिहाइड असलेल्या गोगलगायींच्या गोळ्या नकोत, फिनॉल असलेलं जंतुनाशक नको. मांजराचं यकृत फिनॉल नीट निचरू शकत नाही.

देखभाल म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्येक पट्टी हाताने ओढून बघणं, आणि वादळानंतर लगेच पुन्हा. नायलॉनची जाळी असेल तर दक्षिणेकडची, जास्त ऊन लागणारी बाजू आधी तपासा. धागा बोटांत चोळल्यावर पांढरी पूड निघाली तर तो भाग बदलायची वेळ झाली. जाळी चावणारं मांजर असेल तर तारमिश्रित जाळीशिवाय पर्याय नाही.

घाबरलेलं मांजर एरवी जमत नाही ते चढून जातं. नसबंदी न झालेला बोका तर सीमा रोज तपासतो, त्याच्यासाठी शस्त्रक्रिया हीच खरी पहिली पायरी. इतकं सगळं करूनही मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) हवीच, आणि गळ्यात पट्टा घातलात तर ताण पडल्यावर आपोआप सुटणाऱ्या बकलचा. चिपमध्ये फक्त 15 आकडी क्रमांक असतो, तुमचं नाव नसतं. फोन बदलला तर नोंदणीतला नंबरही त्याच दिवशी बदलून घ्या.